गच्चीवरून धुळीआडचं आकाश: लहान दुर्बिणीतून निकट-अवरक्त छायाचित्रण

डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एखाद्या गच्चीवरून उत्तरेला शर्मिष्ठेकडे दुर्बीण वळवली, तर मॅफेई १ ही दीर्घिका जवळपास ५३ अंश उंचीवर असते. जागा अगदी सोयीची, पण डोळा लावला तर तिथे काहीच दिसत नाही. आपल्याच आकाशगंगेची धूळ मध्ये आडवी आली आहे. म्हणूनच एवढी मोठी शेजारीण १९६८ पर्यंत कुणाच्या गणतीत नव्हती. इटलीच्या पाओलो मॅफेई यांना ती सापडली तीही अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडच्या आणि डोळ्याला न दिसणाऱ्या, प्रकाशाला संवेदनशील असलेल्या फोटोप्लेटांवर.

धूळ तिचा दृश्य प्रकाश सुमारे ५ प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद करते, म्हणजे शंभरातला एक भाग आपल्यापर्यंत पोचतो. ८५० नॅनोमीटरला हीच धूळ साधारण निम्म्या प्रतींचाच अडथळा करते आणि दहावा-अकरावा हिस्सा पोचतो. १५० मिलिमीटरच्या न्यूटोनियनला, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीला, आणि एका फिल्टरला एवढी फट पुरते.

मात्र नुसता फिल्टर लावून भागत नाही. या कामात बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: आपण काळं काय, अंधार कुठे, झाकण बंद आहे का, हे सगळं डोळ्याने ठरवतो. कॅमेऱ्याला दिसणारा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्याकडूनच तपासून घ्यायची, हा या लेखातल्या सगळ्या कृतीचा पाया आहे.

कुठपर्यंत जाता येतं

व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ निकट-अवरक्त म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनचे पट्टे असतात (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर). माउंट अबूजवळ गुरुशिखरावरची १.२ मीटरची दुर्बीण अशाच कामासाठी उभारलेली आहे. आपल्या कॅमेऱ्यातला सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉन ११०० नॅनोमीटरपाशी आंधळं होतं. ९५० नंतरच त्याची संवेदनशीलता अगदी थोडी उरते. म्हणजे आपली खिडकी साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरची. १७०० पर्यंत पाहणारे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे सेन्सर मिळतात, पण घरच्या दुर्बिणीसाठी तो खर्च आजही पेलण्यासारखा नाही.

आपल्या खिडकीची एक सोय आहे. दुर्बिणीच्या नळीची स्वतःची उष्णता इथे चमकत नाही. तो त्रास साधारण २००० नॅनोमीटरच्या पुढचा. कॅमेरा थंड करायचा तो फक्त डार्क करंट, म्हणजे अंधारातही उष्णतेमुळे सेन्सरमध्ये साचणारा खोटा संकेत, कमी करण्यासाठी. हा करंट दर ६ अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, त्यामुळे जानेवारीत बिनकूलरचा कॅमेरा चालून जातो आणि मे महिन्यात तोच वैताग आणतो.

साहित्य निवडताना

दुर्बीण आरशाची घ्या. आरसा सगळ्या तरंगलांबी एकाच जागी फोकस करतो. ॲल्युमिनियमचा मुलामा ८२५ ते ८५० नॅनोमीटरच्या आसपास थोडा मंदावतो, परावर्तन ८६-८७ टक्क्यांवर येतं. दोन आरशांनंतर तीन चतुर्थांश प्रकाश उरतो. हे नुकसान सोसण्यासारखं आहे. साध्या ॲक्रोमॅट भिंगाची गोष्ट वेगळी. त्यात ७०० आणि ९५० नॅनोमीटरचे फोकस एकमेकांपासून इतके दूर पडतात की ताऱ्यांचे गोळे होतात. भिंगाचीच दुर्बीण असेल तर लाँगपास (एका तरंगलांबीपासून पुढचं सगळं सोडणाऱ्या) फिल्टरऐवजी अरुंद पट्ट्यापुरताच प्रकाश सोडणारा बँडपास वापरा.

कॅमेऱ्यात सोनीचे आयएमएक्स४६२ आणि आयएमएक्स५८५ हे सेन्सर या कामाला चांगले आहेत. दोन्हींचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर एका पिक्सेलला ०.८ विकला पडतात (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), इंदूरच्या हवेला हे अगदी बेताचं आहे. आयएमएक्स५८५ वर सुमारे ५१ बाय २९ कलांचं क्षेत्र येतं, ४६२ वर त्याच्या जेमतेम पाव.

कॅमेरा घेण्याआधी त्याच्या तोंडाशी असलेली काच तपासा. काही रंगीत कॅमेऱ्यांत ती अवरक्त अडवणारी असते, मग पुढचं सगळं वाया. तपासणी सोपी: कॅमेरा चालू करून टीव्हीचा रिमोट समोर धरा आणि बटण दाबा. रिमोटचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. पडद्यावर तो ठळक लुकलुकला तर काच मोकळी आहे.

फिल्टर सव्वा इंची पुरतो. बाजारात ६८५, ७४२, ८०७ आणि ८५० नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारे लाँगपास मिळतात. पहिला फिल्टर म्हणून ७४२ घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ६८५ मध्ये प्रकाश जास्त मिळतो, शहरातून साध्या दीर्घिका टिपायला तो उत्तम, पण धुळीचा फरक त्यात तितका उठून दिसत नाही. ८५० मध्ये फरक सगळ्यात मोठा, पण लहान आरशाकडे प्रकाशच उरत नाही. शिवाय ९४० च्या आसपास हवेतली वाफ मोठा घास घेते. ८५० चा फिल्टर कोरड्या हिवाळी रात्रींसाठी आणि २०० मिलिमीटरच्या पुढच्या आरशांसाठी ठेवावा.

अंधाराची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एखादी पूर्ण संध्याकाळ यात गेली तरी चालेल.

पहिलं झाकण. दुर्बिणीचं आणि कॅमेऱ्याचं काळं प्लास्टिकचं झाकण डोळ्याला ठार बंद दिसतं, पण बऱ्याच काळ्या प्लास्टिकमधून निकट-अवरक्त आरपार जातं. अंधाऱ्या खोलीत झाकण लावून ५ सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. मग झाकणाला रिमोट टेकवून, आवाज वाढवायचं बटण दाबून धरून, तसंच दुसरं घ्या. दुसरी फ्रेम उजळली तर त्या झाकणाने घेतलेले सगळे डार्क, म्हणजे सेन्सरचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, खोटे. उपाय स्वयंपाकघरात आहे: पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर झाकणावर चढवून रबर लावा. न्यूटोनियनचा मागचा, मुख्य आरशाकडचा भागही असाच झाका. फोकसर प्लास्टिकचा असेल तर त्यालाही फॉइलची गुंडाळी हवी.

दुसरा काळा रंग. नळीच्या आतला काळा रंग, ॲनोडाइझ केलेली काळी ॲल्युमिनियमची नळकांडी, काळं कापड, यांतल्या कित्येक गोष्टी ८०० नॅनोमीटरला राखाडी, कधीकधी चक्क पांढऱ्या दिसतात. डोळ्याने निवड करू नका. कॅमेऱ्याला साधं सीसीटीव्ही भिंग आणि ७४२ चा फिल्टर लावा, पिवळ्या बल्बच्या उजेडात कापडाचे, रंगाचे, कागदाचे तुकडे शेजारी शेजारी मांडा आणि फोटो काढा. या रांगेत काजळी धरलेला एक पत्र्याचा तुकडा जरूर ठेवा. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन, ती अवरक्तातही काळीच राहते, त्यामुळे बाकीचे तुकडे तिच्याशी ताडून पाहता येतात. कार्बन ब्लॅक असलेला रंग या परीक्षेत टिकतो, नुसतं रंगवलेलं सुती कापड बहुधा नापास होतं. दवरोधक नळीसुद्धा पास झालेल्या वस्तूचीच करा, लांबी आरशाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट.

तिसरा शेजार. आता प्रत्येक गल्लीत सीसीटीव्ही आहेत. अंधार पडला की त्यांचे ८५० नॅनोमीटरचे दिवे आपोआप लागतात. डोळ्याला फार तर मंद तांबडे ठिपके दिसतात, पण तुमच्या कॅमेऱ्याला तो हॅलोजनचा झोत वाटतो. मांडणी करण्याआधी भिंग लावलेला कॅमेरा गच्चीभर फिरवा आणि कुठल्या कोपऱ्यावर हा झोत पडतो ते पाहा. एका पाण्याच्या टाकीची आडही पुरेशी होते. हिवाळ्यात खाली कुणी शेकोटी पेटवली असेल तर तीही या पट्ट्यात भरपूर उजेड टाकते. दुर्बिणीच्या मोटरवरचे, हबवरचे छोटे दिवे काळ्या चिकटपट्टीने नव्हे, फॉइलच्या तुकड्याने झाका.

रस्त्यावरच्या दिव्यांबाबत मात्र बातमी चांगली आहे. पांढरे एलईडी ७५० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काहीच टाकत नाहीत. जुने सोडियमचे दिवे ८१९ नॅनोमीटरला चांगलेच चमकतात. ज्या वस्तीत एलईडी आले तिथलं निकट-अवरक्त आकाश डोळ्याला दिसणाऱ्या आकाशापेक्षा बरंच बरं आहे.

हवा, चांदणं आणि एक गैरसमज

हवेच्या रेणूंकडून होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं. ५५० च्या तुलनेत ८५० नॅनोमीटरला ते सुमारे ५.७ पटींनी कमी असतं. म्हणून शुक्ल पक्षात, जेव्हा बाकीचं डीप-स्काय काम थांबतं, तेव्हाही हे काम चालू ठेवता येतं. तारेही किंचित स्थिर दिसतात, साधारण ८-९ टक्क्यांनी.

पण अवरक्त धुकं भेदतं हा समज सोडून द्या. धूर बारीक कणांचा असेल तर फायदा होतो. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या धुक्याचे थेंब आणि मे महिन्यात माळव्यावर उडणारी धूळ, दोन्हींचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात आणि सगळ्या रंगांना सारखंच अडवतात. अशा रात्री फिल्टरने काही साधत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ सगळ्यात चांगला.

दुसरी अडचण वरून येते. सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिल रेणू सतत चमकत असतात आणि ती चमक ७०० नॅनोमीटरच्या पुढे वाढत जाते. इंदूरच्या दक्षिणेला असलेल्या चोरलच्या काळोखातही ती असतेच. तिच्यामुळे फ्रेमवर कधीकधी लाकडाच्या रेषांसारख्या पट्ट्या उमटतात, त्यांचा इलाज पुढे येईल.

काय टिपावं

पहिल्या रात्री अवघड दीर्घिकेमागे लागू नका. सिंह राशीतल्या सीडब्ल्यू लिओनिस या ताऱ्यापासून सुरुवात करा, आयआरसी+१०२१६ या नावानेही तो ओळखला जातो. आकाशातला त्याचा पत्ता: विषुवांश ९ तास ४८ मिनिटं, क्रांती +१३ अंश १७ कला. मघेच्या पश्चिमेला सुमारे ५ अंशांवर. हा कार्बन तारा स्वतःच्याच काजळीत गुरफटलेला आहे. सूर्यमालेबाहेरच्या सगळ्या वस्तूंमध्ये ५ मायक्रॉनला तो सर्वांत तेजस्वी, आणि दृश्य प्रकाशात मात्र अगदी क्षीण. मार्चच्या मध्यात रात्री पावणेअकराच्या आसपास तो इंदूरहून ८० अंशांवर असतो. एकदा अवरक्त अडवणारा फिल्टर लावून ३० सेकंद, एकदा ७४२ लावून ३० सेकंद. नुसता फिल्टर काढून तुलना करू नका, कारण उघडा सेन्सर अवरक्तही पाहत असतो. पहिल्या फ्रेममध्ये जिथे जेमतेम डाग असतो, तिथे दुसरीत ठसठशीत तारा उभा राहिला की यंत्रणा नीट आहे असं समजा.

मग हिवाळ्यात मृगाच्या बाणातल्या पूर्वेकडच्या ताऱ्यालगतचा एनजीसी २०२४, म्हणजे ज्वाला तेजोमेघ. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाला तो ६५ अंशांवर येतो. दृश्य प्रकाशात त्याच्या मधोमध काळी फांदी दिसते. अवरक्तात त्या फांदीतून एकेक तारा बाहेर येतो. मृगाच्या मोठ्या तेजोमेघात उलटा अनुभव येतो: हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाली फिल्टरने कापली जाते, मेघ फिका पडतो आणि मेघाच्या मध्यातल्या समलंब (ट्रॅपेझियम) या चार ताऱ्यांभोवतीचा तारकागुच्छ दाट दिसू लागतो. मेघ पूर्ण नाहीसा होत नाही, कारण आयनित गंधकाच्या ९०७ आणि ९५३ नॅनोमीटरच्या रेषा शिल्लक राहतात. ज्यांना लाल लुसलुशीत तेजोमेघ हवेत त्यांच्यासाठी हा पट्टा नव्हे.

मॅफेई १ साठी देपालपूरच्या बाजूला जावं. तिथून उत्तरेकडे पाहताना इंदूरचा उजेड पाठीशी राहतो. दक्षिणेच्या वस्तूंसाठी चोरल किंवा जानापाव चांगलं. धनू राशीतला टेरझान ५ हा बंदिस्त तारकागुच्छ तिथून जरूर करून पाहा. तोही १९६८ चाच शोध. क्रांती उणे २४ अंश ४७ कला, म्हणजे इंदूरहून साधारण साडेबेचाळीस अंशांची उंची. उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजाला टेकलेला असतो, इथे तो निवांत वर येतो. मेच्या मध्यात पहाटे पावणेतीनला तो मध्यान्हवृत्तावर असतो आणि जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, तेव्हा मुदत थोडी आहे.

प्रत्यक्ष टिपणं

फिल्टर लावूनच फोकस करा. काचेच्या जाडीच्या एक तृतीयांशाइतका फोकस मागे सरकतो. २ मिलिमीटरच्या फिल्टरला सुमारे ०.७ मिलिमीटर. एफ/५ ला (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या दुर्बिणीला) फोकसची मुभा जेमतेम ०.१ मिलिमीटरची असते. बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची, फोकस दाखवणारी फटींची जाळी) वापरा, मघा किंवा रोहिणीसारखा ठळक तारा घ्या. रोहिणी अवरक्तात अधिकच तेजस्वी असल्याने फोकसला सोपी. नळी गार होत जाते तसा तासाभराने फोकस पुन्हा तपासा.

गाइडिंगची, म्हणजे ताऱ्याचा माग ठेवणारी छोटी, दुर्बीण बिनफिल्टरची ठेवा. आयएमएक्स५८५ ला जास्त गेनवर (संकेत वाढवण्याच्या सेटिंगवर) वाचन-गोंगाट, म्हणजे फ्रेम वाचताना सेन्सर स्वतः घालतो ती चूक, सुमारे १ इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे १५ ते ३० सेकंदांची एक्स्पोजर पुरतात. आकाशाची पार्श्वभूमी प्रत्येक पिक्सेलला किमान १० इलेक्ट्रॉन भरली की एक्स्पोजर आणखी वाढवून उपयोग नाही, संख्या वाढवा. ज्वाला तेजोमेघाला दीड-दोन तास, मॅफेई १ ला किमान चार तास. दर पाच-सहा फ्रेमनंतर दुर्बीण १५-२० पिक्सेल इकडेतिकडे हलवा. हे डिथरिंग इथे ऐच्छिक नाही.

फ्लॅट, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि कोपऱ्यांतला काळोख दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम, घेताना बहुतेक जण अडकतात. सवयीने एलईडीचं पॅनल किंवा मोबाइलचा पांढरा पडदा वापरला जातो. त्यात अवरक्त जवळजवळ नसतंच. मग एक्स्पोजर लांबतं आणि जो प्रकाश येतो तो फिल्टरच्या कडेवरचा, चुकीच्या तरंगलांबीचा असतो. अशा फ्लॅटने धुळीचे कडे जात नाहीत, कोपरे उगाच उजळतात. जुना तारेचा बल्ब शोधा. ४० वॅटचा, महाराणी रोडवरच्या विजेच्या दुकानांत विचारलात तर बहुधा मिळेल. तो थेट दुर्बिणीकडे न रोखता पांढऱ्या भिंतीवर टाका, दुर्बिणीच्या तोंडावर दुहेरी पांढरं सुती कापड ताणून बांधा. हिस्टोग्राम निम्म्याच्या जरा खाली ठेवून ४० फ्लॅट घ्या. संधिप्रकाशातलं आकाशही चालतं.

जुळवणी

रंगीत सेन्सरवर ८५० चा फिल्टर असेल तर तिन्ही रंगांचे पिक्सेल जवळजवळ सारखेच पाहतात. अशा वेळी रंग-पुनर्रचना करूच नका, फ्रेम एकरंगी समजून जुळवा. सिरिल या फ्रेम जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅट लावताना सीएफए (पिक्सेलांवरची रंगीत जाळी) समान करण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे पिक्सेलांतला उरलेला लहानसा फरक फ्लॅटच मिटवतो. ७४२ ला तसं होत नाही. तिथे लाल पिक्सेल बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त पाहतात आणि एकरंगी समजलात तर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. पुनर्रचना करून फक्त लाल वाहिनी घ्या.

त्या लाकडी रेषांसारख्या पट्ट्या फ्लॅटने जात नाहीत. बल्बचा प्रकाश अखंड असतो, हायड्रॉक्सिलचा मात्र सुट्या रेषांचा, त्यामुळे सेन्सरच्या पातळ थरात होणारं व्यतिकरण फ्लॅटमध्ये उतरतच नाही. डिथर केलेल्या सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर न जुळवता तशाच एकमेकांवर ठेवून मध्यक काढा. तारे निघून जातात, पट्ट्या उरतात. हे चित्र योग्य प्रमाणात प्रत्येक फ्रेममधून वजा करा आणि मग जुळवणी करा.

रंगीत चित्र हवं असेल तर अवरक्त लाल वाहिनीत, दृश्य लाल हिरवीत आणि दृश्य हिरवा निळीत टाका. धुळीआडचे तारे तांबूस होऊन वेगळे उठतात. तारकांच्या रंगावरून आपोआप रंग जुळवणारी सोय इथे बंद ठेवा, ती दृश्य पट्ट्यांसाठी बनलेली आहे.

शेवटी, चित्रात अनपेक्षित गोल डाग दिसला तर लगेच शोध लागला असं समजू नका. भिंगांवरचे आणि काचांवरचे प्रतिबंधक थर ४०० ते ७०० नॅनोमीटरसाठी असतात. त्यापुढे ते स्वतःच परावर्तन करतात आणि ठळक ताऱ्याचं भूत उमटवतात. डिथरच्या आधीची आणि नंतरची एकेक फ्रेम शेजारी ठेवा: भूत ताऱ्यांच्या मानाने सरकतं, खरी वस्तू जागची हलत नाही. मग १९९७ ते २००१ दरम्यान दोन १.३ मीटर दुर्बिणींनी केलेल्या टू-मास या संपूर्ण आकाशाच्या अवरक्त सर्वेक्षणातलं त्याच जागेचं चित्र उघडा. ते संकेतस्थळांवर मोफत आहे, आणि १.२५ मायक्रॉनच्या पट्ट्यातलं चित्र तुमच्या चित्राच्या सगळ्यात जवळचं. धुळीतला तुमचा तारा तिथे आणखी ठळक दिसायला हवा.